नजर पैसेवारी

जानेवारीत मोसंबीचा ताण तोडायचा असतो. डिसेंबरभर झाडांचं पाणी बंद ठेवायचं, पानं पिवळी पडू द्यायची, थोडी गळू द्यायची, आणि झाड पार रुसून बसलं की एका सकाळी पाणी सोडायचं. मग पंधरा-वीस दिवसांत पांढरी फुलं फुटतात आणि सगळ्या शिवाराला लग्नघरासारखा वास सुटतो. ताण किती द्यायचा ते कुठल्यातरी पुस्तकात छापलेलं असेलच, पण अंबड रस्त्यावरच्या आमच्या दोन एकरांत ते झाडाच्या तोंडाकडे बघून ठरतं. कमी पडला तर फुलं येत नाहीत, जास्त झाला तर झाडच जातं. मी बांधावर उभा राहून हा हिशेब करत असतो नेमका तेव्हा खिशातला फोन वाजतो. पलीकडून भाचा म्हणतो, “मामा, नजर पैसेवारी काढायची ना?”

भाचा अमेरिकेत असतो, कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो गावी. हिवाळ्यात त्याच्या आणि माझ्या घड्याळात साडेतेरा तासांचं अंतर पडतं. त्याच्याकडे संध्याकाळी सातला बास्केटबॉलचा सामना सुरू होतो, तेव्हा इथे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेआठ वाजलेले असतात. त्याची कालची रात्र मी आजच्या चहाबरोबर बघतो. तिथल्या एनबीए नावाच्या लीगमध्ये ३० संघ आहेत, प्रत्येक संघ हंगामात ८२ सामने खेळतो आणि जानेवारीच्या मध्याला ४१ सामने उरकलेले असतात. म्हणजे पीक निम्म्यावर आलेलं. त्या सुमारास तिकडचे जाणकार आपापल्या याद्या काढतात: कोण विजेतेपदाचा दावेदार, कोण नुसता दिसायला हिरवा, कुणाच्या मुळाला कीड. शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखी अक्षरी श्रेणीही देतात. भाचा ते सगळं मला वाचून दाखवतो आणि मी प्रत्येक संघाला पैसे देतो. तलाठ्याच्या पोराला दुसरी मोजपट्टी कुठली सुचणार?

ज्यांचा जन्म सातबाराच्या सावलीत गेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पैसेवारी म्हणजे गावाच्या पिकाची सरकारी नाडीपरीक्षा. पूर्वी तिला आणेवारी म्हणत. सोळा आणे पीक म्हणजे भरलं पीक, आठ आणे म्हणजे निम्मं. पुढे आण्यांचे पैसे झाले, तरी जुनी माणसं अजून आणेवारीच म्हणतात. खरिपाची पैसेवारी तीनदा निघते. सप्टेंबरअखेर नजर अंदाज, ऑक्टोबरअखेर सुधारित आणि डिसेंबरअखेर अंतिम. या तिघींत मला पहिलीच आवडते, तिच्या नावातल्या नजरेमुळे. पीक अजून उभं असतं, कणसात दाणा भरायचा असतो, परतीचा पाऊस कुठल्या कुठे असतो, आणि एक माणूस बांधावर उभा राहून नुसत्या डोळ्यांनी म्हणतो, यंदा इतके पैसे. सरकारच्या कागदावर ‘नजर’ या शब्दाला अधिकृत जागा मिळालेली मला दुसरीकडे कुठे आढळली नाही.

आमचे अण्णा तलाठी होते. जालना हा तेव्हा औरंगाबाद जिल्ह्याचा एक तालुका होता. १ मे १९८१ ला स्वतंत्र जिल्हा झाला आणि अण्णांचे शिक्के बदलले, सायकल तीच राहिली. शाळेला सुटी असली की मला कॅरियरवर बसवून ते पीक कापणीच्या प्रयोगाला नेत. शेतात दोरीनं एक चौकोन आखायचा, चार कोपऱ्यांना खुंट्या ठोकायच्या. दोरीच्या आतली बाजरी विळ्यानं कापायची, बडवायची, उफणायची आणि तागडीत घालायची. तागडी स्थिर होईपर्यंत कुणी बोलत नसे. सरपंच, ग्रामसेवक, दोन-चार जाणते शेतकरी, सगळे त्या काट्याकडे असे बघत, जणू मुलगी बघायला आलेले पाहुणे आतून काय निरोप पाठवतात ते. अण्णा मात्र काट्याआधी एक कणीस तोडून दोन बोटांत दाणा दाबत. दाणा फुटून चीक आला की म्हणत, “अजून दुधात आहे.” हे वाक्य वहीत लिहायला रकाना नव्हता. त्यामुळे ते आकड्यातच कुठेतरी मिसळून जात असावं.

अमेरिकन वर्तमानपत्रांनी ही पद्धत न सांगता उचललेली आहे, हे मला भाच्यामुळे कळलं. तिकडच्या गुणतक्त्यात संघाच्या नावापुढे जिंकल्या-हरल्याचे आकडे असतात आणि त्यांच्या पुढे एक टिंब देऊन तीन आकडे. निम्मे सामने जिंकले तर टिंब पाचशे. म्हणजे पन्नास पैसे! रुपया लिहायचा तेवढा राहून गेलेला. मी हे सांगितल्यावर भाचा खूप हसला, आणि मग थोडा वेळ गप्प बसला. लांबच्या फोनवर गप्प बसणं महाग असायचं तेव्हाची माझी सवय, मी लगेच “हॅलो हॅलो” करू लागलो.

तसा हा खेळही आमच्याच धंद्यातला. १८९१ च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नाइस्मिथ नावाच्या मास्तरांना थंडीत कोंडलेल्या पोरांसाठी बंद खोलीत खेळता येईल असा खेळ हवा होता. शिपायाला खोकी आणायला सांगितली, त्यानं पीचच्या फळांच्या करंड्या आणल्या. त्या सज्जाच्या कठड्याला दहा फुटांवर ठोकल्या आणि खेळ सुरू झाला. करंडीचं बूड शाबूत होतं. प्रत्येक वेळी चेंडू आत पडला की कुणीतरी वर चढून तो काढून द्यायचा. पहिल्या सामन्यात एकदाच चेंडू आत पडला म्हणतात, ते त्या चढणाऱ्याच्या नशिबानंच. आमच्या बागेत माणूस वर असतो, फळ खाली येतं आणि करंडी जमिनीवर असते. त्यांनी करंडी झाडावर टांगली आणि फळ खालून वर फेकलं. बाकी काही फरक नाही. आता आमच्याकडेही करंड्या गेल्या, प्लास्टिकची कॅरेटं आली. क्रेट म्हणायचं असतं हे व्यापाऱ्यालाही ठाऊक आहे, पण कॅरेट म्हटल्यानं मोसंबीला जरा सोन्याचा भाव आल्यासारखा वाटतो. ‘जालना, सोने का पालना’ अशी म्हण मिरवणाऱ्या गावाला एवढं चालायचंच. २०१६ मध्ये आमच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून तर फळ झाडावरच जरा ऐटीत बसतं.

भाच्याचा संघ सॅक्रामेंटो किंग्ज. नावात राजे असले तरी नशीब कोरडवाहू. हाच संघ का, असं विचारलं तर तो सांगतो, संघाचे मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले, आपला माणूस. ते २०१३ पासून मालक आहेत हे खरं, पण कारण ते नव्हे. हा संघ २००६ नंतर सलग १६ हंगाम बाद फेरीत पोहोचलाच नाही. तिथल्या क्रीडापत्रकारांनी त्याला चक्क दुष्काळ म्हटलं, लीगच्या इतिहासातला सगळ्यात लांब. तिकडे तो दुष्काळ चालू होता तेव्हा इकडे २०१२ चा पाऊस आमच्यावरून नुसता बघून निघून गेला. २०१३ च्या उन्हाळ्यात जालन्याच्या बागांची होळी झाली. भाचा तेव्हा कॉलेजात होता. रोज संध्याकाळी टँकर यायचा आणि आम्ही दोघं प्रत्येक झाडाला एकेक हंडा घालायचो. हंडा ओतला की जमीन एक आवाज करायची, तान्हं मूल दूध पिताना करतं तसा. निम्मी बाग वाचली, निम्मी सरपण झाली. कुठली निम्मी जगवायची हेही बांधावर उभं राहून नजरेनंच ठरवलं होतं. ज्या झाडांना हंडा मिळाला नाही त्यांच्याकडे भाचा पाठ करून उभा राहायचा. असा पोरगा परदेशी गेल्यावर सलग जिंकणारा संघ कशाला निवडेल?

२०१९ च्या ४ आणि ५ ऑक्टोबरला किंग्ज मुंबईत आले होते. वरळीच्या डोममध्ये इंडियाना पेसर्सशी दोन सराव सामने झाले. एनबीएचे भारतातले ते पहिलेच सामने. “मामा, आपली माणसं येताहेत, तुम्ही जाऊन या,” असा भाच्याचा फोन आला, जणू सोयरीक जुळवायला पाहुणे यायचे होते. मी सोयाबीन काढणीचं निमित्त सांगितलं. किंग्ज पहिला सामना १३२-१३१ असे एका गुणानं हरले, तोही जादा वेळेत. दुसरा चोवीस गुणांनी. त्या महिन्याच्या अखेरीस परतीच्या पावसानं माझं सोयाबीन गंजीतच कुजवलं. आम्ही दोघांनी एकमेकांचं सांत्वन एकाच फोनमध्ये उरकलं.

पुढे २०२३ मध्ये त्यांचा दुष्काळ फिटला. त्या हंगामात संघ जिंकला की मैदानाच्या माथ्यावरून जांभळा प्रकाशझोत थेट आभाळात सोडायची रीत त्यांनी पाडली. भाच्यानं फोटो पाठवला. काळ्या आभाळात उभी जांभळी रेघ. आमच्या सौभाग्यवतींनी तो बघून विचारलं, “बोअरला पाणी लागलं का?” यापेक्षा अचूक वर्णन मी वाचलेलं नाही.

आता सांगतो २०२५ च्या जानेवारीची गोष्ट. आदल्या डिसेंबरअखेरपर्यंत किंग्जनी हंगामातल्या ३१ पैकी १८ सामने घालवले होते आणि नाताळ सरताच प्रशिक्षक माइक ब्राउन यांना घरी पाठवलं. त्यांच्या जागी आलेल्या डग क्रिस्टींनी पहिला सामना हरून मग सलग सात जिंकले. भाच्याच्या आवाजाला बहर आला. त्याच्या मते हा ताण तुटल्याचा परिणाम. मीही बागेतूनच बोलत होतो, त्यामुळे नाही म्हणवलं नाही. दावेदारांची यादी आम्ही आधी घेतली. ओक्लाहोमा सिटी थंडर आणि क्लीव्हलँड कॅव्हेलियर्स, दोघंही ऐंशी पैशांच्या वर. क्लीव्हलँडनं तर हंगामाची सुरुवात सलग १५ विजयांनी केली होती. बॉस्टन सेल्टिक्स आदल्या वर्षीचे विजेते, म्हणजे बागायतदार. थंडरला मी पाच पैसे कमी दिले. ज्याचं नावच गडगडाट, त्याच्याविषयी आम्हा मराठवाड्यातल्या लोकांच्या मनात एक शंका असते. गर्जेल तो पडेल काय?

“मामा, नावावर जाऊ नका,” भाचा म्हणाला. मी म्हटलं, आकड्यावर तरी कुठं जावं? २०१६ मध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सनी ८२ पैकी ७३ जिंकले होते, ८९ पैसे, असं पीक त्या लीगनं कधी पाहिलं नव्हतं. अंतिम फेरीत तीन-एक अशी आघाडी घेतली आणि तिथून चार-तीन असे हरले. खळ्यात आलेलं धान्य भिजलं म्हणायचं. उलट १९९५ चे ह्यूस्टन रॉकेट्स, अवघे ४७ विजय, ५७ पैसे, आपल्या विभागात सहावे. त्यांनी विजेतेपद घरी नेलं. मधल्या मध्ये, फेब्रुवारीत, त्यांनी क्लाइड ड्रेक्सलरला आणलं होतं. निम्म्या हंगामात काय काय दिसत नाही याची ही यादीच आहे. तरी दर जानेवारीला सगळे शहाणे बांधावर गोळा होतात. आम्हीही होतो.

या सगळ्यात एक गंमत मला फार दिवस पुरली. आमच्याकडे पैसेवारी पन्नासच्या आत आली की गाव टंचाईत जातं. मग महसुलात सूट, कर्जाचं पुनर्गठन, पंपाच्या वीजबिलात सवलत, पोरांची परीक्षा फी माफ. पन्नासच्या वर एक पैसा गेला की गाव सुखी. त्यामुळे वर्षभर जो शेतकरी देवाकडे सोळा आणे मागतो, तोच सप्टेंबरात तलाठ्याकडे एकोणपन्नास पैसे मागतो. दोन्ही प्रार्थना खऱ्या, फक्त खिडक्या वेगळ्या. मला वाटायचं, ही कोंडी आमचीच. भाच्यानं सांगितलं की तिथेही जे संघ तळाला राहतात त्यांना पुढच्या वर्षीच्या नव्या खेळाडूंत आधी निवड करायला मिळते. त्यासाठी १९८५ पासून सोडत काढतात आणि सगळ्यात खालच्या तिघांना तेव्हा पहिल्या क्रमांकाची प्रत्येकी १४ टक्के संधी होती. म्हणून जानेवारी उलटला की काही संघ हळूच हरायला लागतात. चांगल्या खेळाडूचा गुडघा अचानक दुखतो, त्याला विश्रांती मिळते. कोट्यवधी डॉलरचे मालक शेवटी एकोणपन्नास पैशांसाठीच रांगेत उभे, हे ऐकून मला त्यांच्याविषयी एकदम आपुलकी वाटली.

आणि अण्णा आठवले. एका वर्षी अंबडकडच्या एका गावात त्यांच्या काट्यावर ५३ पैसे आले. गाव म्हणालं, “अण्णासाहेब, एकोणपन्नास लिहा, चार पैशांनी कुणाचं काय जातं?” अण्णांनी ५३ लिहिलं. सही केली, शाईवर फुंकर घातली. एरवी प्रयोग झाला की चहा यायचा, तो त्या दिवशी आला नाही. आम्ही सायकलवर गावाबाहेर आलो तेव्हा ज्याची बाजरी कापली होती तो शेतकरी मागून पळत आला. मला वाटलं, आता शिव्या. त्यानं उपरण्यातून चार कणसं काढून माझ्या हातात दिली. म्हणाला, “पोराला भाजून द्या. नजर खरीय तुमची, अण्णासाहेब. पण नजरेला पोट नसतं.” अण्णा काही बोलले नाहीत. त्या रात्री ते जेवले, पण दुसरी भाकरी घेतली नाही. ते चार पैसे त्यांनी जन्मभर कुठेतरी जपून ठेवले असावेत. निवृत्तीनंतरही कुठल्याही शेतावरून जाताना ते थांबत, एक दाणा दाबत, आणि आकडा सांगत नसत.

भाच्याचं मागणं मात्र उलटं होतं. “किंग्जना किती, मामा? जरा सढळ हातानं द्या.” जन्मात पहिल्यांदाच माझ्याकडे कुणी पैसेवारी वाढवून मागत होतं. मी कागदावर भागाकार केला. ४१ सामने, २१ विजय. ५१ पैसे. “साठ द्या की,” तो म्हणाला. “दाणा अजून दुधात आहे,” मी म्हणालो आणि स्वतःच दचकलो, कारण आवाज अण्णांचा आला होता. मग साठ दिले. मी काही शासनाचा नोकर नव्हे.

पुढचं थोडक्यात सांगतो. फेब्रुवारीच्या पहिल्याच आठवड्यात किंग्जनी आपला सगळ्यात पळणारा खेळाडू, डीअॅरन फॉक्स, सॅन अँटोनियोला देऊन टाकला. इकडे कोळपणी चालू असताना कुणी बैल विकत नाही, पण त्यांच्या बाजाराची रीत निराळी. चाळीस पैशांवर सुरुवात केलेले, २५ पैकी १५ सामने हरलेले इंडियाना पेसर्स, ज्यांना आम्ही यादीतही घेतलं नव्हतं, त्यांनी क्लीव्हलँडला चार-एक असं गुंडाळलं आणि अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यापर्यंत जाऊन पोहोचले. बागायतदार बॉस्टन दुसऱ्याच फेरीत आटोपलं. आणि २२ जूनला जिंकलं कोण, तर थंडर. ८२ पैकी ६८ विजय, ८३ पैसे. गर्जला तो पडलासुद्धा. मी माझे पाच पैसे बिनशर्त परत केले.

किंग्जचा निकाल त्याआधीच, एप्रिलात लागला होता. झाडांवर मोसंबी सुपारीएवढी झाली होती आणि मी गळ मोजत होतो. भाच्याचा आवाज उतरलेला. ४० विजय, ४२ पराभव, आणि बाद फेरीच्या उंबऱ्यावरच्या सामन्यात डॅलसकडून हार. पन्नासच्या आत आलो तर निदान नव्या खेळाडूचा सानुग्रह तरी मिळेल, असं म्हणून मी त्याची समजूत काढायला गेलो. तो म्हणाला, “मामा, ती निवड तीन वर्षांपूर्वीच अटलांटाला लिहून दिलेली आहे.” म्हणजे टंचाई आमच्या नावावर, अनुदान दुसऱ्याच्या खात्यावर. मला हसू आवरेना, आणि पलीकडे त्यालाही आवरेना. उन्हाळ्यातल्या साडेबारा तासांवरून, गहाण सातबाऱ्याच्या दोन वारसांसारखे आम्ही हसत राहिलो.

फोन ठेवल्यावर अण्णांची जुनी वही काढली. मागची काही पानं कोरी आहेत, मी तिथे हे असले हिशेब लिहितो. जानेवारीच्या ओळीत ‘नजर : ६०’ असं माझ्याच अक्षरात होतं. खाली ४० भागिले ८२ केलं, अपूर्णांक वर चढवला आणि अंतिम रकान्यात आला तो आकडा लिहून सही केली. सॅक्रामेंटो, एकोणपन्नास पैसे.